झाडीपट्टीची रात्र आणि माझी खुर्ची

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, दंडारीचे खेळ, कुठं बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आणि रात्री नाटक. हलका धान तोवर कापून झालेला असतो, बांध्या मोकळ्या होतात, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि घराघरात पाहुणे असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. तिथून गाड्या भरून नट, नट्या, ऑर्गन, तबला, पडदे आणि दिवे गावोगावी जातात. रात्री दहाच्या पुढे नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत रंगतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या माणसांना ती आपल्या घरात आल्यासारखी वाटली.

मी लंडनमध्ये राहते. पाठीच्या कण्याला दुखापत झाल्यापासून व्हीलचेअर वापरते. माझं मूळ गाव लाखनी तालुक्यात. लहानपणी हातात बोरी घेऊन, पुढची जागा धरायला, दिवस मावळायच्या आतच आम्ही पोरी नाटकाच्या जागी पळायचो. मोठेपणी परदेशात गेले, मग खुर्चीत बसले, आणि गावच्या नाटकाची रात्र माझ्यापुरती बंद झाली असंच सगळ्यांनी धरून चाललं. यंदा मंडईच्या दिवसांतच गावी यायचं मी ठरवलं, ते नाटक पाहायला. पाहायचं होतं आणखी एक. चाकांवरच्या माणसाला भंडारा जिल्ह्यात रात्र काढायची झाली तर तो राहतो कुठं, जातो कसा आणि बसतो कुठं?

लंडनमध्ये संध्याकाळी घराबाहेर पडताना मला कुणाची परवानगी काढावी लागत नाही. तिथल्या प्रत्येक नेहमीच्या बसला दारातून बाहेर सरकणारा उतार असतो. काळ्या टॅक्सीत खुर्चीसकट चढता येतं, आणि 2000 सालापासून तशी सोय नसलेल्या काळ्या टॅक्सीला परवानाच मिळत नाही. नाट्यगृहात खुर्चीची जागा आधी राखता येते, सोबतच्या माणसाला बहुतेक ठिकाणी तिकिटात सूट असते. एका विशिष्ट किल्लीनं देशभरातली हजारो अपंगांसाठीची स्वच्छतागृहं उघडतात. ती योजना 1981 पासून चालू आहे. माझ्या पर्समध्ये घराच्या किल्लीशेजारी ती असते. मध्यरात्री एकटीनं घरी परतणं ही माझ्यासाठी तिथली साधी गोष्ट आहे.

सगळं तिथं गोड आहे असं नाही. भुयारी रेल्वेची जेमतेम तिसरा हिस्सा स्थानकं पायऱ्यांशिवाय गाठता येतात. शुक्रवार-शनिवारी रात्रभर गाड्या धावतात खऱ्या, पण माझ्या ओळखीच्या कितीतरी स्थानकांत मला उतरता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नाट्यगृहांत खुर्चीच्या जागा दोन-चारच, त्याही कडेला. आणि जे मिळालं आहे ते कुणी आपखुशीनं दिलेलं नाही. 1990 च्या दशकात तिथल्या अपंग स्त्री-पुरुषांनी बसगाड्यांना स्वतःला बेड्यांनी जखडून घेतलं, रस्ते अडवले, तेव्हा अपंगांशी भेदभाव रोखणारा 1995 चा कायदा आला. कायद्यानंतरही भांडावं लागलं. बसमधल्या खुर्चीच्या जागेत बाबागाडी ठेवलेली असल्यामुळे डग पॉली नावाच्या गृहस्थांना 2012 मध्ये बस सोडून द्यावी लागली होती. ते प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि चालकानं नुसती विनंती करून थांबू नये, असा निकाल 2017 मध्ये मिळाला. हे सगळं मनात ठेवूनच मी नागपूरच्या विमानतळावर उतरले.

नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण एसटीच्या दाराच्या उंच पायऱ्या माझी खुर्ची चढू शकत नाही, म्हणून ती सवलत माझ्या कामाची नव्हती. रेल्वेनं आलं तरी भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, शहरापासून दूर, आणि पुढं पुन्हा ऑटो. चुलतभाऊ गाडी घेऊन आला. राष्ट्रीय महामार्ग 53 वरून मौदा मागं टाकत आम्ही भंडाऱ्यात शिरलो. पितळी भांड्यांचं गाव म्हणून ज्याचं नाव महाराष्ट्रभर आहे त्या भंडाऱ्यात आता महामार्गालगत लॉज आणि हॉटेलं बरीच झाली आहेत.

गावच्या घरी उतरणं शक्य नव्हतं. आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. ओटा कमरेएवढा, संडास अंगणाच्या टोकाला आणि बसका. म्हणून लंडनहूनच फोन करून भंडाऱ्यात खोली शोधायला घेतली होती. प्रत्येक ठिकाणी माझा प्रश्न एकच असे, पायऱ्या आहेत का? आणि उत्तरही ठरलेलं, "लिफ्ट हाये जी, काई तरास नाई होनार." ज्या हॉटेलात आम्ही पहिल्यांदा गेलो तिथं लिफ्ट होती. पण ती पाच पायऱ्या चढून गेल्यावर होती.

या पायऱ्यांना कारण आहे. भंडारा वैनगंगेच्या काठी वसलेलं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस नदीला पूर आला तेव्हा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. ज्यानं ते पाहिलं तो नवं बांधकाम जमिनीपासून उंचच घेणार. त्यात गैर काही नाही. पण जोतं उंच घेताना उताराचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. नियम साधा आहे, एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार. पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट, म्हणजे तीस फूट लांबीचा रॅम्प. इमारत पूर्ण झाल्यावर तेवढी जागा दारासमोर उरत नाही. मग कुणीतरी दुचाकी चढवायला केलेला सिमेंटचा खडा उतार दाखवतो आणि म्हणतो, हा आहे ना रॅम्प. त्यावरून खुर्ची वर नेताना मागून दोघांनी रेटावी लागते आणि खाली येताना तोल गेला तर माणूस तोंडावर पडतो.

दुसऱ्या ठिकाणी तळमजल्यावर खोली मिळाली. प्रवेशाला एकच पायरी, तिथं फळी टाकून भागलं. अडचण होती न्हाणीघराची. माझी खुर्ची पंचवीस इंच रुंद, दार चोवीस इंचांचं. वर उंबऱ्याला दोन इंचांचा काठ, पाणी खोलीत येऊ नये म्हणून घातलेला. आत कमोड होता, नळ होता, गरम पाणी होतं आणि मी एका इंचासाठी बाहेर. व्यवस्थापक तरुण मुलगा होता. त्यानं कारण विचारलं, मी दार दाखवलं. तो काही न बोलता गेला आणि शेजारच्या गल्लीतला सुतार घेऊन आला. सुतारानं खुर्चीची रुंदी वितीनं मोजून पाहिली, मग टेपनं मोजली आणि सरळ बिजागऱ्या खोलायला घेतल्या. दार निघालं तसा दाराच्या जाडीएवढा आणि बिजागरीच्या पोटाएवढा वाव मोकळा झाला. चौकटीला खिळे मारून त्यानं जाड पडदा लावला, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या दोन पाचरी बसवल्या. चाकं दोन्हीकडे चौकटीला घासत, पण आत गेली.

त्या तरुणाला मी दुसऱ्या दिवशी आणखी काय काय लागतं ते कागदावर लिहून दिलं. दार किमान तीन फुटी. आत खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा. कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेली दांडी, टॉवेलची नव्हे, माणसाचं वजन पेलणारी. आरसा आणि दिव्यांची बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशी. पलंग खुर्चीच्या उंचीचा. यातलं दाराचं सोडलं तर काहीही महाग नाही. तो म्हणाला, असे गिऱ्हाईक येतच नाहीत. मी म्हटलं, येऊन पायरीवरूनच परत जातात, म्हणून तुमच्या वहीत त्यांचं नाव लागत नाही. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि वरच्या एका खोलीचं काम निघणार आहे, तेव्हा हे धरतो म्हणाला.

दिवसा शंकरपट पाहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या होत्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि आता पटाच्या मैदानांवर माणूस मावत नाही. पट मला गाडीत बसूनच नीट दिसला. कोकाच्या जंगलाकडेही एक फेरी मारली, तलाव पाहिले. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव आजही धानाला पाणी देतात आणि त्यांच्या पाळीवरून गाडीवाट असेल तिथं खुर्चीही छान चालते. दिवस सोपा गेला. खरी परीक्षा रात्रीची होती.

नाटक शेजारच्या गावात होतं. ज्यानं झाडीपट्टीचं नाटक पाहिलेलं नाही त्याला त्या नाट्यगृहाची कल्पना द्यायला हवी. ते बांधलेलं नसतं, खणलेलं असतं. मोकळ्या जागेत प्रेक्षकांची बसायची जागा खोलगट खणतात, मागच्या माणसालाही दिसावं म्हणून, आणि तीच माती पुढं टाकून रंगमंचाचा ओटा तयार करतात. चारी बाजूंनी कनाती लावतात, वर कापड ताणतात. रंगमंचाच्या पायथ्याशी ऑर्गन आणि तबला. पुढं खुर्च्यांचं तिकीट, मागं खाली बसणाऱ्यांचं. बाहेर आलूबोंडे, मिरची भजे आणि चहाची दुकानं, पेटलेल्या शेकोट्या. थंडी पडलेली असते आणि घोंगड्या पांघरून अख्खं गाव जागं असतं.

रस्त्यापासून कनातीपर्यंतची वाट एका खळ्यातून जात होती. धानाच्या मळणीसाठी चोपून, शेणानं सारवून टणक केलेली ती जमीन. तिथं माझी चाकं विमानतळावर धावावीत तशी धावली. खळं संपलं आणि कापलेल्या बांधीत शिरलो तशी पुढची छोटी चाकं धसकटात रुतली. तेवढ्यात नाटकाच्या मंडळाची पोरं धावत आली. "उचलून नेतो ना जी ताई, काई घोर नोका करू." मी त्यांना कुठं धरायचं ते दाखवलं. चाकाला धरू नका, ते फिरतं. पायठेवणीला धरू नका, ती निघून हातात येते. खालच्या चौकटीला धरा. चौघांनी मला उचललं, खड्ड्याच्या कडेवरून अलगद खाली उतरवलं आणि पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवरून लंडनहून आलेल्या ताईंचं स्वागत केलं. कुणी शाल पांघरली, कुणी चहा आणला.

नाटक सुंदर झालं. कौटुंबिक कथा, भावाभावांतली वाटणी, मध्येच विनोदी पात्रं, गाणी आणि नाच. नटाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता आणि ऑर्गनवाला प्रत्येक प्रसंगाला सूर पुरवत होता. बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या, मीही रडले. इतक्या वर्षांनी माझी रात्र मला परत मिळाली होती.

पण मध्यरात्र उलटल्यावर मला बाहेर जायची गरज पडली. दुपारपासून मी पाणी फार पीत नव्हते. व्हीलचेअरवरच्या बायका घराबाहेर पडताना हे करतातच, त्यापायी लघवीचे आजारही ओढवून घेतात. तरी वेळ आली. चौघे उचलणारे आता नाटकात रंगून गेले होते. कुणी मागं, कुणी रंगमंचाच्या बाजूला, कुणी भजे खायला. भाऊ त्यांना शोधत फिरला. मी वाट पाहत बसले आणि तेव्हा मला या सगळ्याचा गाभा समजला. आत यायला माणसं मिळतात. निघायचं असेल तर नाटक संपावं लागतं. उचलणाऱ्या हातांत माया होती, त्या मायेचं मोल मी कधीच कमी करणार नाही, पण वेळ त्यांची होती, माझी नव्हती. माझ्या शरीराला चार परक्या पुरुषांनी किती वेळा धरायचं हेही मी ठरवू शकत नव्हते. ज्या बाईला ते नको असेल तिनं नाटकाला येऊच नये, असा त्याचा अर्थ होतो.

जवळच जिल्हा परिषदेची शाळा होती. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शाळांना रॅम्प बांधले गेले, त्यातला एक तिथं होता, कठड्यासकट. आत विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठीचं कमोडवालं स्वच्छतागृहही होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली शिक्षकांकडे आणि शिक्षक सुदैवानं नाटकातच बसलेले. ते उठून आले, कुलूप उघडलं, बॅटरी धरून दूर उभे राहिले. जे लंडनमध्ये माझ्या पर्समधल्या किल्लीनं मिळतं ते माझ्या तालुक्यातही आहे, फक्त त्याची किल्ली रात्री कुणाच्या तरी खिशात आहे.

परत येताना कनातीच्या बाहेर, भज्यांच्या दुकानाच्या उजेडात, हातानं चालवायची तीनचाकी सायकल उभी दिसली. सरकारी योजनेत मिळते ती. तिच्यावर एक वयस्कर काकाजी कान टोपीत गुंडाळून बसले होते, तोंड कापडाच्या भिंतीकडे. मी विचारलं, आत का नाही गेलात? ते म्हणाले, "आतमंदी गाडी नाई जात. दरसाल इतूनच आयकतो. आवाजावरून समदे ओरखतो मी." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कोणत्या कंपनीचा नायक कुठल्या साली कुठल्या नाटकात काय बोलला होता हे ते सांगत होते. गावातला झाडीपट्टीचा सर्वांत जाणता रसिक कनातीबाहेर बसून होता. मला उचलून आत नेलं कारण मी लांबून आलेली पाहुणी होते. गावच्या माणसाला दर मंडईला कोण उचलणार? आणि त्यांनी तरी दर मंडईला कुणाला सांगावं?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्यांना नाटक पाहायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दल आहे. सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय नव्या इमारतीला परवानगी देऊ नये, असं 44 वं कलम सांगतं. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, काही निकष सक्तीचेच करावे लागतील. रतुडी स्वतः दृष्टिहीन. त्यांची याचिका 2005 मधली. म्हणजे आपल्याकडेही कुणीतरी जवळपास वीस वर्षं भांडलं आहे.

कायद्याचं बळ लॉज आणि हॉटेलांना लागू करायला नगरपालिकांनी नकाशा मंजूर करतानाच डोळे उघडे ठेवले पाहिजेत. सिमेंट एकदा घट्ट झालं की पुढं सुताराला बोलावून इंच-इंच मिळवावा लागतो. पण झाडीपट्टीच्या नाट्यगृहाचं तसं नाही, आणि या प्रवासातून मला सांगायचं आहे ते हेच. हे नाट्यगृह दर हंगामाला नव्यानं खणलं जातं. जगातल्या कुठल्याही जुन्या नाट्यगृहाला हे भाग्य नाही. लंडनच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या नाट्यगृहाला एक दार रुंद करायचं तर वारसा समितीपासून लाखो पौंडांपर्यंत सगळं आड येतं. आमच्या मंडळाला फक्त कुदळ आणि घमेलं लागतं, आणि ते दोन्ही आधीच हातात असतं.

खड्डा दीड फूट खोल असेल तर एका बाजूनं अठरा फूट लांब उतार काढायचा. त्याची माती खळ्यासारखी चोपून सारवायची. चोपणं आणि सारवणं आमच्या माणसांना शिकवावं लागत नाही. रस्त्यापासून कनातीपर्यंत पाच फूट रुंदीची एक वाट धसकटं काढून तशीच टणक करायची. पहिल्या रांगेच्या टोकाला तीनचाकीसकट बसता येईल अशा दोन-तीन जागा मोकळ्या ठेवायच्या, शेजारी घरच्या माणसाची खुर्ची. नाटकाच्या रात्री शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली मंडळाच्या टेबलावर ठेवायची आणि माइकवरून ते सांगायचं. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचाच असतो, त्यात ही वाट, उतार आणि एक दिवा सहज बसेल. मतदानाच्या दिवशी याच शाळेच्या रॅम्पवर निवडणुकीचे लोक व्हीलचेअर आणून ठेवतात. जी व्यवस्था मत द्यायला माणसाला दारापर्यंत नेते, तीच नाटकाच्या रात्रीही उभी राहू शकते.

नाटक संपल्यावर, पहाटे शेकोटीपाशी, मी हे सगळं मंडळाच्या पोरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच उताराची बाजू कोणती यावर त्यांच्यात वाद सुरू झाला. पूर्वेकडून काढला तर पाणी साचतं, पश्चिमेकडून काढला तर वाट लांब पडते. त्या वादाचा मला आनंद वाटला, कारण करायचं की नाही हा प्रश्न त्यात नव्हता. त्यांच्यातल्या एकानं पुढच्या मंडईला माझी जागा आत्ताच राखतो म्हणून सांगितलं. मी त्याला म्हटलं, उतार तयार झाला की त्यावरून सगळ्यांत आधी काकाजींची तीनचाकी आत जाऊ दे. त्यांची जागा पहिली, माझी त्यांच्या शेजारी.